सोन्याची बरणी

वरच्या मजल्यावरच्या सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचायला बंदी केली. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी काकूंशी दोनदा भांडण काढलं, एकदा डोळ्यात थेंब घालण्यावरून आणि एकदा काहीच कारण नसताना. तिसऱ्या दिवशी काकू खाली आल्या. म्हणाल्या, "संध्याकाळी अर्धा तास येऊन यांना वाचून दाखवतेस का गं? उपवासकाळ चालू आहे, रोजचा अध्याय चुकला की यांना जेवण जात नाही. आणि माझं वाचन यांना पसंत नाही. मी म्हणे स्वल्पविराम खाते."

मी स्वल्पविराम खात नाही, कारण त्यांच्यावरच माझं पोट आहे. मुद्रितशोधन करते. शासकीय अहवाल, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, जे येईल ते. त्यामुळे मी ख्रिस्ती नसले तरी पवित्र शास्त्र मोठ्यानं वाचायला मला अडचण नव्हती. सर मूळचे नगरचे, वडील पाळक होते. घरात मराठी बायबलच्या तीन निरनिराळ्या प्रती, शिवाय वडिलांचं एक छोटं, तळहाताएवढं ग्रीक नव्या कराराचं पुस्तक, पानं पिवळी पडून पापडासारखी झालेली. ते कुणी उघडत नसे. काचेच्या कपाटात, टीसेटच्या मागे असायचं.

दुसऱ्या का तिसऱ्या संध्याकाळी नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय आला. निवासमंडपाचं, म्हणजे रानातल्या तंबूच्या देवळाचं वर्णन. पडद्यामागचं परमपवित्र स्थान, तिथला सोन्यानं मढवलेला कराराचा कोश, म्हणजे पेटी, त्यात अहरोनाची कळ्या आलेली काठी, कराराच्या पाट्या आणि मान्ना नावाचं अन्न घालून ठेवलेलं सोन्याचं पात्र. मी पुढे जाणार एवढ्यात काळ्या चष्म्याआडून आवाज आला.

"थांब. पात्र म्हणालीस?"

"हो. सोन्याचं पात्र."

"कसलं पात्र? कळशी? रांजण? गडू? पात्र म्हणजे काहीच सांगितलं नाही. आमच्या वर्गात पोरानं असं लिहिलं असतं तर मी समासात विचारलं असतं, 'म्हणजे काय?'"

मला हसू आलं, कारण त्याच दिवशी मी सकाळभर एका योजनेच्या माहितीपत्रकात 'पात्र लाभार्थी' आणि 'अपात्र लाभार्थी' यांच्या मागे लागले होते. एका ठिकाणी 'अ' गळला होता आणि अख्खा तालुका फुकटात पात्र झाला होता. या शब्दाचं मराठीत असंच आहे. नदीला पात्र असतं, नाटकात पात्रं असतात, दान सत्पात्री करायचं असतं, आमदार अपात्र ठरतात. स्वयंपाकघरात मात्र कुणी म्हणत नाही की जरा ते पात्र दे. सरांच्या नगर जिल्ह्यात, निघोजला, कुकडी नदीच्या पात्रात पाण्यानं कोरलेले प्रचंड रांजणखळगे आहेत. तिथे पात्रातच रांजण आहेत, आणि दोन्हींत स्वयंपाक करता येत नाही.

"ते टीसेटच्या मागचं पुस्तक काढ," सर म्हणाले.

मला ग्रीक येत नाही. अक्षरं ओळखता येतात, कारण कधीकाळी गणिताच्या पुस्तकांची प्रुफं तपासली होती. अल्फा, बीटा, थीटा, सिग्मा यांच्याशी तोंडओळख तिथली. नववा अध्याय, चौथी ओवी. (ओवी नव्हे, वचन, सरांनी लगेच सुधारलं.) बोट ठेवत, अक्षर जुळवत मी वाचलं आणि सरांनी वडिलांकडून लहानपणी ऐकलेल्या सुरावर ते दुरुस्त केलं. स्ताम्नोस ख्रुसे. ख्रुसे म्हणजे सोन्याची. आणि पात्र म्हणजे स्ताम्नोस.

तिथून पुढे दोन आठवडे तो शब्द माझ्या मानगुटीवर बसला. सरांचं वाचन राहिलं बाजूला.

पहिली गोष्ट कळली ती ही की अख्ख्या नव्या करारात हा शब्द एकदाच येतो, इथेच. तो आला आहे जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातून. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मोशे अहरोनाला सांगतो की एक भांडं घे, त्यात ओमरभर मान्ना भर आणि पुढच्या पिढ्यांसाठी परमेश्वरासमोर ठेव. तिथला मूळ हिब्रू शब्द त्सिन्त्सेनेत. आणि गंमत अशी की तोही हिब्रू शास्त्रात फक्त एकदाच येतो, याच भांड्यासाठी. म्हणजे एका भाषेत जन्मात एकदाच वापरलेल्या शब्दाला नव्या करारात एकदाच येणारा शब्द जोडीला मिळाला. मुद्रितशोधकाच्या दृष्टीनं हा मोठा घोर. जो शब्द एकदाच येतो त्याचा अर्थ ताडून पाहायचा कशाशी?

हिब्रूची ती अडचण खरीच होती. ग्रीकची नव्हती, कारण शास्त्राबाहेर स्ताम्नोस हा रोजच्या वापरातला, चांगला दणकट शब्द होता. त्याचा अर्थ: घडा, बरणी, बहुतेक वेळा द्राक्षारस साठवायची. पिंपातून रस काढून ज्यात भरून ठेवायचा ते भांडं. इसवी सनापूर्वी ४०५ मध्ये अथेन्सच्या रंगमंचावर ॲरिस्टोफेनीसनं 'बेडूक' हे प्रहसन आणलं, त्यात सुरुवातीलाच मद्याचा देव डायोनायसस तोऱ्यात स्वतःची ओळख सांगतो. झ्यूसचा पुत्र असं तो म्हणेल अशी प्रेक्षकांची अपेक्षा, आणि तो म्हणतो, मी डायोनायसस, स्ताम्नोसचा पुत्र! बरणीनंदन! लोक किती हसले असतील. परमपवित्र स्थानात जाऊन बसलेल्या शब्दाचं माहेर हे असं होतं.

देवळातल्या भांड्यासाठी, जुना करार ग्रीकमध्ये आणणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या यहुदी भाषांतरकारांना एखादा सोवळ्यातला शब्द नक्की मिळाला असता. ग्रीक लोकांकडे देवाला अर्घ्य द्यायची भांडी होती, त्यांना वेगळी नावं होती. यांनी तळघरातला शब्द उचलला. मला वाटतं, गोष्ट नीट वाचून उचलला. आत काही अर्पण करायचं नव्हतं, ओतायचं नव्हतं. साठवून ठेवायचं होतं. याच ग्रीक शास्त्रात राजांच्या गोष्टीत यराबाम राजाची बायको आजारी मुलाची चौकशी करायला संदेष्ट्याकडे जाते तेव्हा भाकरीबरोबर मधाची स्ताम्नोस घेऊन जाते. मध, द्राक्षारस, मान्ना. सगळ्या टिकवायच्या गोष्टी.

संग्रहालयांत आज 'स्ताम्नोस' अशी चिठ्ठी लावलेली भांडी दिसतात. रुंद खांदे, आखूड मान, दोन्ही बाजूंना आडवे कान. ही नावं पुरातत्त्वज्ञांनी नंतर वाटून दिली आहेत, पण भांडी सुंदर आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये एक आहे, इटलीत वुल्ची इथे सापडलेलं, इसवी सनापूर्वी ४८० ते ४७०च्या सुमाराचं. त्यावर होमरच्या काव्यातल्या ओडिसियसची नाव आहे; ज्यांचं गाणं ऐकून खलाशी जिवाला मुकतात अशा पक्षिणींजवळून ती चालली आहे. तो डोलकाठीला बांधलेला, मान मागे टाकून ऐकतोय; वल्हवणाऱ्यांच्या कानात मेण; आणि वर, माणसाचं तोंड असलेल्या त्या गाणाऱ्या पक्षिणी. त्यातली एक कड्यावरून खाली कोसळते आहे, डोळे मिटलेले. नावेच्या नाळेवर मात्र एक मोठा डोळा रंगवलेला आहे, टक्क उघडा. मी मोबाइलवर चित्र मोठं करून करून तो डोळा पाहिला आणि सरांना वर्णन करून सांगितलं. त्यांनी नुसतं "हं" केलं. त्यांच्या त्या दिवसांत डोळा हा विषय जरा नाजूक होता.

मग मूळ धातू. इथे मी थबकले.

आपण सवयीनं 'स्टाम्नोस' लिहू, इंग्रजीतून आल्यासारखं. पण ग्रीकांचा तो त आपल्या दाताजवळचा त आहे, आणि कोशकार सांगतात की हा शब्द 'उभं राहणं, उभं करणं' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आला आहे. ते क्रियापद आपल्या संस्कृत 'स्था'चं सख्खं भावंड. स्ताम्नोस म्हणजे जे उभं राहतं ते. हातात घ्यायचं, ओतायचं, फिरवायचं भांडं नव्हे. एका जागी ठाण मांडून बसलेलं. आणि हे 'ठाण'ही स्थानावरून आलेलं. कोकणात आजीच्या घरी परसात अर्धा जमिनीत पुरलेला रांजण होता, त्याला कधी कुणी हलवलेलं मी पाहिलं नाही. पाणी त्याच्याकडे यायचं, तो कुठे जायचा नाही.

आता 'पात्र' पाहा. तो 'पा'पासून, पिणे या अर्थाच्या धातूपासून. त्याचं ग्रीक भावंड पोतेरियोन, म्हणजे पेला. शेवटच्या भोजनात येशूनं हातात घेतला तो प्याला ग्रीकमध्ये पोतेरियोनच आहे. म्हणजे कुळ पाहायचं तर 'पात्र' हा शब्द त्या प्याल्याचा नातेवाईक. स्ताम्नोसचे मराठी नातेवाईक वेगळे आहेत. स्थालीवरून आलेली थाळी. नवरात्रातली घटस्थापना. आणि सगळ्यांत जवळचा, रोजच्या रोज तोंडात असणारा, ज्याच्याकडे आपण कधी बघतही नाही असा शब्द: ठेवणे. संस्कृत 'स्थापय'चं प्राकृतात घासून गुळगुळीत झालेलं रूप. त्यातूनच ठेव. बँकेतली मुदत ठेव, पूर्वजांची ठेव, जपून ठेव.

हे मी सरांना जिन्यातच सांगितलं, ते खाली फेरफटका मारायला निघाले होते. ते पायरीवर थांबले. "म्हणजे ठेवण्याचं भांडं," ते म्हणाले. "पिण्याचं नव्हे." मग दोन पायऱ्या उतरून, "बरणी."

"सोन्याची बरणी कसं वाटेल ऐकायला?"

"ग्रीकमध्ये कसं वाटत होतं मग?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आत होतं काय, तर मान्ना. ही गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून निघालेले इस्राएल लोक रानात उपाशी मरायला लागले, कुरकुरले, आणि सकाळी दव सुकल्यावर जमिनीवर काहीतरी बारीक, पांढरं पडलेलं दिसलं. हिब्रूत त्यांनी एकमेकांना विचारलं, "मान हू?" म्हणजे हे काय आहे? तेच नाव पडलं. चव मध घातलेल्या पोळीसारखी, दिसायला धण्याएवढं. माणशी एक ओमर गोळा करायचं, त्याहून जास्त नाही. ज्यांनी उद्यासाठी म्हणून मागे ठेवलं त्यांच्या मान्नात किडे पडले आणि घाण सुटली. उन्हं तापली की उरलेलं वितळून जायचं. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा, आणि तेवढं मात्र नासत नसे. ४० वर्षं हे चाललं.

आणि अशा, रात्रभरसुद्धा न टिकणाऱ्या अन्नाचा एक ओमर पिढ्यान्‌पिढ्यांसाठी बरणीत भरून ठेवायचा हुकूम.

ओमर म्हणजे साधारण दोन लिटर, थोडं जास्तच. एका माणसाचा एका दिवसाचा शिधा. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे माप. ढीग नाही, खजिना नाही. जगातल्या सगळ्यात दुर्मीळ जागी, सोन्याच्या पत्र्याआड, एका माणसाचं एका दिवसाचं जेवण.

मी धणे घेऊन बघितलं. आजीची लोणच्याची एक बरणी माझ्याकडे आली आहे. चिनी मातीची, वर तपकिरी, खाली मळकट पांढरी, झाकण केव्हाच फुटलेलं, म्हणून तोंडाला दादरा बांधायचा. त्या दादऱ्याची सुती दोरी जिथे बसते तिथे मानेला बरोबर एक खाच आहे. आजीची सक्त ताकीद असायची, ओला हात लावायचा नाही, चमचासुद्धा कोरडा, आणि बरणी हलवायची नाही, मुरतंय ते मुरू दे. मापानं दोन लिटर धणे ओतले तर बरणी गळ्याच्या खालपर्यंत भरली. पन्नास वर्षांचा लोणच्याचा वास आणि त्यावर धण्यांचा. ती तशीच उचलून सरांकडे नेली. त्यांना अजून नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी हातांनी पाहिली. आधी पोट, मग खांदे, मग ती खाच. हात आत घालून मूठभर धणे वर काढले, पुन्हा सोडले. काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या.

"एवढं एका माणसाला दिवसभर?" काकू म्हणाल्या. "हे तर एका हिवाळ्यात आमच्या भाज्यांना पुरेल."

"धणे नाहीत गं ते," सर म्हणाले. "धण्यांसारखं."

"हो, पण कान कुठेत हिला?" काकूंनी विचारलं, कारण मी त्यांना म्युझियमचं चित्र दाखवलं होतं. कान नव्हते हे खरं.

इथे सोन्याचा वाद येतो, आणि माझं मत त्यात अगदी स्पष्ट आहे. हिब्रू निर्गमात सोनं नाही. तिथे नुसतं 'एक त्सिन्त्सेनेत घे' एवढंच आहे. सोनं घातलं ते इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रीक भाषांतरानं, आणि इब्री लोकांस पत्र लिहिणारा तेच भाषांतर वाचणारा असल्यामुळे त्याच्या पत्रातही बरणी सोन्याची झाली. मला त्या भाषांतरकारांचा राग येत नाही. कोश सोन्यानं मढवलेला, दीपवृक्ष शुद्ध सोन्याचा, पडदे जांभळे. त्या सगळ्यात मातीचं मडकं कसं दिसेल, असं त्यांना वाटलं असणार. आपणही पितळेच्या देवांसमोर चांदीचीच वाटी शोधतो.

पण यहुदी रब्बींनी उलटं सांगितलं. फ्रान्समधल्या त्र्वा गावचा राशी (१०४० ते ११०५), ज्याचं भाष्य आजही कितीतरी यहुदी मुलं सुरुवातीलाच वाचतात, तो अरामी भाषांतराचा हवाला देऊन म्हणतो, मातीची बरणी. त्याच्याही आधीच्या एका जुन्या भाष्यात रब्बी एक एक धातू पुढे करून नाकारतात. मग त्या विचित्र हिब्रू शब्दावर कोटी करून म्हणतात की इतरांपेक्षा जास्त थंडावा देणारं भांडं ते त्सिन्त्सेनेत, आणि तसं भांडं म्हणजे मातीचं. हे वाचून मी मोठ्यानं हसले. चैत्रात ज्याच्या घरी माठ आहे त्याला हे भाष्य समजावून सांगावं लागत नाही. शाब्दिक व्युत्पत्ती म्हणून ती ओढाताण आहे, पण मडक्याबद्दल म्हणाल तर शंभर टक्के खरी.

सरांचा कौल मातीला, पण वेगळ्या वाटेनं. त्यांना प्रेषित पौलाचं वाक्य तोंडपाठ, करिंथकरांना लिहिलेलं, की आमचा ठेवा मातीच्या भांड्यांत आहे. "पौलाला विचार," ते म्हणाले, "तो सांगेल तुला भांडं कशाचं ते." पौलानं वापरलेला ग्रीक शब्द अर्थात दुसरा, स्केउओस, तो सगळ्याच भांड्यांना, अवजारांना, गलबताच्या दोरखंडांनासुद्धा चालतो. आपल्या 'सामाना'सारखा. 'पात्र' खरं तर त्या जागी शोभलं असतं.

राशीच्याच भाष्यात या बरणीची एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. यिर्मया संदेष्टा लोकांना विचारतो, तुम्ही नियमशास्त्राचा अभ्यास का करत नाही? लोक म्हणतात, कामधंदा सोडून अभ्यास केला तर खाणार काय? तेव्हा तो आतून ही बरणी काढून आणतो आणि समोर धरतो. बघा. तुमच्या वाडवडिलांनी हे खाल्लं.

ती शेवटची वेळ. त्यानंतर कुणी पाहिली नाही. शलमोन राजानं यरुशलेमात मंदिर बांधून कोश आत नेला तेव्हाच, राजांच्या पहिल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, कोशात दोन पाट्यांखेरीज काही नव्हतं. (निर्गमात तरी बरणी कोशासमोर ठेवायला सांगितली आहे, आत नाही, पत्रकर्त्यानं ती आत घातली, त्यावर टीकाकारांनी कागद खर्ची घातले आहेत. मी घालणार नाही.) इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबिलोनी फौजेनं मंदिर जाळलं. तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात म्हटलंय की योशिया राजानं त्याआधीच कोश लपवला, त्याच्याबरोबर मान्नाची बरणीही. पुढे मंदिर पुन्हा बांधलं गेलं, पण त्याच्या परमपवित्र स्थानात काहीच नव्हतं. इसवी सनापूर्वी ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे आत घुसला, तेव्हा आतली जागा रिकामी.

म्हणजे पहिल्या शतकात त्या पत्राचा लेखक 'स्ताम्नोस ख्रुसे' लिहीत होता तेव्हा त्याच्या आधीच्या सहाशे वर्षांत कुणीही ती वस्तू पाहिलेली नव्हती. तो पाहिलेलं नव्हे, वाचलेलं लिहीत होता. तो कोण, हेही ठाऊक नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानानं हात टेकले होते, की हे पत्र कुणी लिहिलं ते देवच जाणे. मग माणसांनी ती बरणी जिथे तिथे पाहायला सुरुवात केली. रोमविरुद्धच्या उठावात, इसवी सन ६६ ते ७० मध्ये, यहुद्यांनी चांदीचे शेकेल पाडले, त्यांच्यावर एक प्याला आहे. पुढे शतकानुशतकं नाण्यांचे शौकीन त्याला खुशाल मान्नाची बरणी म्हणत आले. पलीकडच्या बाजूला डाळिंबाच्या तीन कळ्यांची डहाळी आहे, तिला अहरोनाची काठी. दोन्हीही ते नाही.

व्याकरणाची एक गंमत राहिली. अलेक्झांड्रियाच्या निर्गमात स्ताम्नोस पुल्लिंगी आहे; इब्री पत्रात तोच शब्द स्त्रीलिंगी, म्हणूनच ख्रुसे, सोन्याची. ग्रीकांच्या वेगवेगळ्या बोलींत लिंग वेगळं होतं म्हणतात. इतर कुणाला यात काही विशेष वाटणार नाही, पण मराठी माणसाला भांड्याचं लिंग हा जिव्हाळ्याचा विषय. तो माठ, ती घागर, ते मडकं. तो गडू, ती कळशी, ते घंगाळ. आत तेच पाणी. भांडं लहान झालं की बहुधा बाई होतं, मोठं झालं की बाप्या, आणि ओबडधोबड असलं की नपुंसकलिंगात ढकलायचं. पात्र नपुंसकलिंगी. ते सोन्याचं पात्र. असं म्हटलं की मला दागिन्यांच्या दुकानातली काच दिसते. ती सोन्याची बरणी म्हटलं की फडताळ दिसतं.

आणि हे फडताळ माझ्या एकटीचंच नाही. इथिओपियाच्या ख्रिस्ती लोकांची, येशूची आई मरिया हिची एक जुनी स्तुती आहे, गीझ या त्यांच्या जुन्या भाषेत. तिच्यात मरियेला म्हटलंय, तू शुद्ध सोन्याचा मेसोब, जिच्यात मान्ना लपला आहे. मेसोब म्हणजे गवताची रंगीत विणीची, उंच बैठकीची झाकणाची टोपली. इथिओपियात आजही घराघरांत इंजेरा, म्हणजे त्यांची ती मऊ आंबोळीसारखी भाकरी, तिच्यातच ठेवतात आणि तिच्याभोवती बसून जेवतात. त्यांनी भाकरीच्या टोपलीला सोनं लावलं आणि मोकळे झाले. ग्रीक चर्चच्या एका स्तोत्रात संदेष्टे मरियेला नावांमागून नावं देतात, काठी, पाटी, कोश, दीपवृक्ष, मेज. त्या यादीतलं पहिलं नाव स्ताम्नोस. नऊ महिने जिनं पोटात ठेवलं तिला बरणी म्हणायला त्यांना संकोच वाटला नाही. आणि ग्रीसमध्ये आजही पाण्याच्या मातीच्या घड्याला स्ताम्ना म्हणतात.

मराठीत हा प्रश्न जुना आहे. श्रीरामपूरच्या (नगरचं नव्हे, बंगालमधलं) छापखान्यातून १८११ मध्ये नवा करार मराठीत आला, तेव्हापासून प्रत्येक भांड्याला नाव द्यावं लागलं असणार. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल नव्यानं मराठीत आणलं, कारण आधीची पंडिती मराठी आश्रमातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांना कळत नव्हती. काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ला गेल्या. मुक्तीतल्या मुलीबायकांनीच खिळे जुळवून ते छापलं. खिळे जुळवणाऱ्या त्या बायका मला माझ्या व्यवसायातल्या थोरल्या जावा वाटतात. आणि त्याच्याही आधी, १८४६ मध्ये, मुंबईत हग्गादा, म्हणजे यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, हिब्रू आणि मराठीत छापला गेला होता, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी लोकांसाठी. अलिबागेकडच्या घरांत, तेलाच्या दिव्यापाशी, कुणीतरी मराठीत म्हणत होतं की देवानं आम्हांला नुसता मान्ना खाऊ घातला असता आणि शब्बाथ दिला नसता, तरी पुरे होतं. बाजूला घडवंचीवर घागर असेलच.

सरांच्या डोळ्यांवरची बंदी उठली. नवा चष्मा आला. पुनरुत्थानाच्या सणाच्या, ईस्टरच्या आधी त्यांच्याकडे घरची प्रार्थना होती, मलाही बोलावलं होतं. त्या दिवशी त्यांनी स्वतः वाचलं, तोच अध्याय, खणखणीत आवाजात. मी वाट बघत होते. चौथ्या वचनाशी आले आणि जसं छापलंय तसं वाचून गेले, सोन्याचं पात्र. मुद्रितशोधकानं हस्तलिखितात हात घालायचा नसतो हे मीही जाणते. पण नजर वर करून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं एवढं नक्की.

माझी बरणी त्या धण्यांच्या संध्याकाळपासून वरच राहिली होती. मागायचं लक्षात आलं नाही. सणानंतरच्या आठवड्यात काकू ती घेऊन आल्या. दोन्ही हातांनी पोटाशी धरून, जपून. तोंडाला नवा पांढरा दादरा, दोरी बरोबर त्या खाचेत. रिकामी कशी परत करणार, म्हणाल्या. कैऱ्या मिळाल्या बाजारात, पहिल्याच.

मी गाठीला हात लावला तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"आत्ता सोडू नकोस. आठ दिवस मुरू दे."